उघाडीपर्यंत वीस मिनिटे

१९८१ सालच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी आमच्या वृत्तपत्राच्या मुलांच्या पानावर नव्या कुमार कादंबरीचे पहिले प्रकरण यायचे होते. त्याऐवजी एक नकाशा छापून आला. नकाशात खाडी, बांध, मिठागर, शाळा आणि बाण काढलेली एक तुटक रेघ होती. गोष्ट नव्हती. पुढच्या रविवारी त्या नकाशाचे शुद्धिपत्र आले. आमच्या पानापुरती ती कादंबरी तिथे संपली.

नकाशा काढणारे गृहस्थ वाशीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत, मी दुसऱ्या मजल्यावर. मी त्या वृत्तपत्रात उपसंपादक होतो आणि कादंबरीची घोषणा माझ्या शब्दावर झाली होती. त्यामुळे पुढचे बरेचसे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. जे ऐकीव आहे, तिथे कोणी सांगितले ते दिले आहे.

इमारतीत त्यांना सगळे ड्राफ्ट्समन म्हणत. नव्या शहराचे आराखडे जिथे तयार होत, त्या कार्यालयात ते नकाशांवर शाई फिरवत. वय चाळिशीच्या पुढे, मूळ गाव वाईजवळ. सदऱ्याच्या खिशात गुंडाळीची पोलादी टेप, कानामागे पेन्सिल. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नाव सांगण्याआधी म्हणाले, "तुमच्या दारापासून पाण्याच्या पंपापर्यंत एकशे बारा पावलं आहेत. वरच्या मजल्याचे जिने धरून, बघा."

ते बसून वाचत नसत. स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालत वाचत. घरी असले की हातात पुस्तक असेच, आणि ते पुस्तक नेहमी मुलांचे असे. दहा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या: गुप्त गुहा, हरवलेला खजिना, सुट्टीत आजोळी गेलेली चार भावंडे आणि एक कुत्रा. दुसरे काही ते वाचत नसत. आमचे वृत्तपत्र फुकट मिळत असूनही त्यांनी कधी उघडले नाही.

आमच्या सेक्टरच्या बाजारात तेव्हा निम्मी दुकाने बंदच असत. पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात एक बाई वाचनालय चालवत. एकदा मी तिथे असताना बाईंनी ड्राफ्ट्समनना अडवले. हातातले पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले. समासात बारीक, सुबक अक्षरात लिहिले होते: 'अशक्य. अंतर पाहता तिथे पोचेपर्यंत अंधार.'

"ड्राफ्ट्समनसाहेब, हे काय आहे?"

"चूक आहे ती."

"ते मला कळलं हो. पण पोरं येऊन विचारतात, बाई, हे पुस्तक खोटं आहे का? काय सांगू त्यांना?"

"खोटं नाही म्हणावं. मोजलेलं नाही."

"मग तुम्ही मोजलेलं लिहा. आम्ही ठेवतो इथे, पहिल्या फळीवर."

"तयारी चालू आहे," ते म्हणाले आणि खोडरबर काढून उभ्याउभ्या सगळे समास साफ करून दिले. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी पुन्हा लिहिले.

लेखकांनाही ते पोस्टकार्डे पाठवत. पान बासष्टवरची होडी एवढ्या पाण्यात तरंगणार नाही. मुले सकाळपासून डोंगर चढत आहेत आणि कोणालाही भूक लागलेली नाही. चोर गुहेत इतक्या मोठ्याने का बोलतात. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एकाने दिले: 'आपले म्हणणे बरोबर आहे. मी होडीत बसलेलो नाही.' ते कार्ड त्यांनी जपून ठेवले होते. "हा माणूस चांगला आहे," ते म्हणत. "मोठ्यांना काहीही सांगा, चालतं. पोरांना फसवू नये. ती तिथं जाऊन बघतात."

तयारीचे कारण घरात होते. त्यांना एकच मुलगी, नीला. १९७९ च्या नोव्हेंबरात ती अकरा वर्षांची झाली. त्या दिवशी तिने वडिलांना काय विचारले ते वहिनींनी, म्हणजे ड्राफ्ट्समनच्या पत्नीने, मला सांगितले. बापलेक एकाच पुस्तकावर भांडत असत. कोणी आधी वाचायचे यावरून. त्या दिवशी नीलाने पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, "तुम्हीच वाचा. यातपण मुलगी डबा भरून देते आणि घरी थांबते. सगळ्यांत तीच थांबते. मुलीचं पुस्तक नसतंच का, बाबा?"

ते म्हणाले, "मी लिहितो."

"कधी?"

"तुला तेरावं पुरं व्हायच्या आत."

वहिनी ओट्याशी होत्या. त्या म्हणाल्या, "लिहून द्या तिला तसं." त्यांनी खरोखर लिहून दिले, टेबलावरच्या कागदावर, तारीख घालून. कागद नीलाने कंपासपेटीत ठेवला.

कादंबरीचा विषय त्यांनी आठवड्यात ठरवला. खाडीकाठी एक आगरी गाव. भातशेतीला खाडीचे पाणी लागू नये म्हणून मातीचा लांब बांध. बांधात एक उघाडी, म्हणजे लाकडी झाप लावलेले भोक: ओहोटीला झाप उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते, भरतीला पाण्याच्या जोराने आपोआप मिटते. भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला झापेत ओंडका अडकतो. तेरा वर्षांच्या मुलीला शाळेच्या खिडकीतून ते कळते. बाप्ये माणसे मासेमारीला गेलेली. पाणी उंबऱ्याला लागायला वीस मिनिटे आहेत. ती ओंडका काढते की नाही, एवढीच गोष्ट.

गोष्ट चांगली होती. मी तसे म्हणालो. लिहायला बसा म्हणालो.

"ती वीस मिनिटांत पोचते का, ते आधी बघायला पाहिजे," ते म्हणाले.

तसे गाव कोपरखैरण्याच्या पुढे होते, तसा बांध होता आणि बांधात तशी उघाडीही होती. शाळेपासून उघाडीपर्यंत अंतर दोन किलोमीटर, पैकी अर्धे चिखलाचे. उधाणाच्या जवळचा रविवार आला की ड्राफ्ट्समन नीलाला घेऊन तिथे जात. ते उघाडीजवळ घड्याळ धरून उभे राहत. नीला शाळेच्या ओट्यावरून काठीला बांधलेली पांढरी चादर हलवी आणि निघे. ती पोचली की ते लांबट वहीत नोंद करत. वहीला पाच रकाने होते: तारीख, भरतीची वेळ, वाट, मिनिटे, शेरा.

दोनदा मी त्यांच्याबरोबर गेलो. गावातला बाळाराम नावाचा माणूस बांधाची राखण करी. तो विडी ओढत हा प्रकार बघत असे. पहिल्या खेपेला त्याने मला विचारले, "यो सायेब पोरीला कनच्या शर्यतीत घालनार हाय?"

मी सांगितले, पुस्तक लिहायचे आहे.

"बुकात धावायला खरोखर धावायला लागतं?" बाळाराम म्हणाला. मग मोठ्याने ड्राफ्ट्समनना: "ओ सायेब, बांधावर कोनी घड्याल बगून धावत नाय. पान्याचा आवाज आयकून धावतान."

ड्राफ्ट्समन वळले. "कसा असतो आवाज?"

"तो सांगाचा नसतो. तो आयला का पाय आपसूक उचलतान."

त्या संध्याकाळी वहीत सहावा रकाना आखला गेला: आवाज. तो शेवटपर्यंत कोरा राहिला.

जानेवारी १९८० मध्ये नीलाला सव्वीस मिनिटे लागली. भाद्रपदात, चिखलात, तेवीस. एप्रिल १९८१ मध्ये वीस. त्या रविवारी मी तिथे होतो. नीला गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आली, उघाडीच्या दगडाला हात लावून ओणवी झाली आणि तिने विचारले, "किती?"

"वीस. बरोब्बर वीस."

"मग झालं ना, बाबा! आता लिहा."

बाळारामही म्हणाला, "लिवा सायेब. पोरगी थकली."

ड्राफ्ट्समननी वहीत वीस लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी तोवर दर वेळी जे लिहिले होते तेच लिहिले: 'पुन्हा मोजणे.' एप्रिलची वाट पावसाळ्याच्या मानाने कोरडी होती, ते म्हणाले, कादंबरीत भाद्रपद आहे. नीलाने पाय धुतले आणि परतीच्या वाटेवर ती माझ्याशी बोलत राहिली, त्यांच्याशी नाही.

तिचा एक प्रश्न मला आठवतो. "काका, बाबांच्या गोष्टीतल्या मुलीचं नाव तुम्हाला माहितीय?"

नव्हते.

"त्यांनाही नाही. नकाशावर नुसतं 'मु.' लिहिलंय. विचारलं तर म्हणतात, नाव नंतर. म्हणजे ती अजून जन्मलेलीच नाही, आणि मी तिच्यासाठी धावतेय."

वहिनींचे बोलणे याहून थोडक्यात असे. घरभर ट्रेसिंगचे कागद पसरलेले असत. त्यांवरून पाय टाकत चहा आणताना त्या म्हणत, "यांचं सगळं यांच्या शहरासारखं. रस्ते झाले, गटारं झाली, खांब उभे राहिले. माणसं कधी राहायला येणार ते विचारा."

त्या वर्षी दिवाळीनंतर मुलांच्या पानावरची चालू कादंबरी संपणार होती. पान बघणाऱ्या संपादिकेला आम्ही ताई म्हणत असू. ताई नव्या मजकुराच्या शोधात होत्या. मी ड्राफ्ट्समनना सांगितले की दर आठवड्याला एक प्रकरण द्या, छापू. नीलाचा तेरावा वाढदिवस त्याच पंधरवड्यात होता. ते म्हणाले, "पहिलं प्रकरण गुरुवारी देतो." मी वही पाहिली होती, नकाशे पाहिले होते, पाच मिनिटांत सांगितलेली गोष्ट ऐकली होती. लिहिलेले एकही पान पाहिले नव्हते. कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, हातात नसताना घोषणा करू नये, हा नियम मला ठाऊक होता. घोषणा तीन ओळींची होती आणि ती मी लिहिली.

गुरुवारी दुपारी ते वृत्तपत्राच्या कार्यालयात आले. हातात नळकांडे होते. ताईंनी टेबलावरचे कागद बाजूला केले. नळकांड्यातून साठ सेंटिमीटर रुंदीचा नकाशा निघाला. मी पाहिलेल्या त्यांच्या कामात ते सर्वांत उत्तम होते. मिठागरातला प्रत्येक वाफा, बांधावरचे प्रत्येक झुडूप, ओहोटीची रेघ, भरतीची रेघ, उधाणाची रेघ. तुटक रेघेवर दर मिनिटाला एक ठिपका. ठिपके वीस.

"सुंदर आहे," ताई म्हणाल्या. "आणि प्रकरण?"

"यातच आहे."

"म्हणजे?"

"मुलगी इथून निघते. इथं चिखल लागतो. अकराव्या मिनिटाला इथं बांध खचलेला आहे, तिला उतरावं लागतं. सगळं आहे बघा."

"हो, पण ती काय म्हणते? घाबरते का? तिची आई कुठाय? अहो, वाक्यं कुठायत?"

"वाक्यं अजून पक्की नाहीत," ते म्हणाले.

पान शुक्रवारी छपाईला जायचे होते. ताईंनी नकाशाचा छपाईचा ब्लॉक करून घेतला आणि खाली ओळ टाकली: 'ही मुलगी वेळेत पोहोचेल का? तुम्हीच गोष्ट लिहून पाठवा.' पानात बसावा म्हणून ब्लॉक करणाऱ्याने साठ सेंटिमीटरचा नकाशा चोवीसवर आणला. कोपऱ्यात ड्राफ्ट्समनच्या अक्षरात प्रमाण लिहिलेले होते: १ से.मी. = ४० मीटर. नकाशा लहान झाला, अक्षरे लहान झाली, आकडा तोच राहिला. ताईंच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

मंगळवारपासून मुलांची पत्रे आली. गोष्टी थोड्याच होत्या. पुण्याच्या एका मुलाने लिहिले होते: 'आम्ही पट्टीने मोजले. अंतर फक्त आठशे मीटर आहे. आठ मिनिटांत पोहोचेल. यात घाबरण्यासारखे काय आहे?'

ते पत्र मी ड्राफ्ट्समनना दाखवले. दाखवायला नको होते. ते त्याच पावली माझ्याबरोबर बसने कार्यालयात आले आणि ताईंच्या टेबलापुढे उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता. "शंभर पाहिजे," ते म्हणाले. "चाळीस नाही. एका सेंटिमीटरला शंभर मीटर. त्या पोरानं मोजलं. त्याचं बरोबर आहे. मी त्याला फसवलं."

"अहो, मुलांच्या पानाला शुद्धिपत्र नसतं."

"मग कुणाच्या पानाला असतं?"

पुढच्या रविवारी दोन ओळींचे शुद्धिपत्र गेले.

मूळ नकाशा त्यांनी वाढदिवसाला नीलाला दिला. वहिनींनी त्याला काच लावून घेतली. नीला म्हणाली, "मला वाचायचं होतं, बाबा. भिंतीवर लावायचं नव्हतं." तिने कंपासपेटीतला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. रागाने नाही, असे वहिनी म्हणाल्या. मुदत संपलेली पावती परत करतात तसा ठेवला.

तरीही मोजणी थांबली नाही. १९८२ च्या जानेवारीत नीलाला सतरा मिनिटे लागली. ती वर्षभरात बरीच उंच झाली होती. आता कादंबरीतली मुलगी तीन मिनिटे आधी पोचत होती आणि पाण्याची वाट बघत बसत होती. ड्राफ्ट्समननी शाळा लांब नेली, म्हणजे नकाशावर. मग ती जागा बघायला गेले, तर तिथे विहीर निघाली. पुन्हा आखले. त्या दिवसांत रोज पहाटे गॅलरीतून त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज वर ऐकू येई.

त्याच सुमारास वाचनालयात बाईंनी माझ्यादेखत त्यांना सांगितले, "नीलाचं कार्ड मोठ्यांच्या खणात टाकलंय. ती आता मुलांची पुस्तकं नेत नाही."

"कोणत्या तारखेपासून?"

"तारीख काय करायचीय?"

"बघा की."

बाईंनी कार्ड बघून तारीख सांगितली. त्यांनी ती खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतली आणि मुलांच्या फळीवरचे पुस्तक न घेताच घरी आले. माझ्या माहितीत असे पहिल्यांदा घडले.

१९८३ चा पावसाळा संपला आणि डंपर आले. बांधाच्या आतली शेते आणि बाहेरचे मिठागर मुरूम टाकून भरायला सुरुवात झाली. मी बातमीसाठी गेलो तेव्हा बाळाराम भरावाच्या कडेला उभा होता. "सायेबाला सांगा," तो म्हणाला, "आता भरती येनार नाय. पोरीला सावकाश येव दे."

निरोप मी दिला. मग विचारले, "हे होणार, तुम्हाला माहीत होतं?"

"आराखड्यातलं या भागाचं शीट माझंच होतं," ते म्हणाले. "ऐंशी सालच्या पावसाळ्याआधी शाई केली. बांधावरून रस्ता जातो. उघाडीच्या जागी पंपहाउस."

म्हणजे नीलाला वीस मिनिटे लागली, त्याच्या वर्षभर आधी.

"मग तेव्हाच का नाही लिहिलंत?"

ते टेप बाहेर ओढत आणि सोडत राहिले. "शीटवर होणार असं असतं," ते म्हणाले. "झालेलं नसतं. मला वाटलं, जमिनीवर आहे तोवर मोजून घेऊ. जमिनीवरचं गेल्यावर कुठं जाऊन बघणार? लिहायला काय, कधीही बसता येतं."

१९८५ च्या जूनमध्ये नोकरी सोडून ते वाईजवळच्या गावी राहायला गेले. नीला पुण्याला कॉलेजात जाणार होती. सामान बांधताना वहिनींनी लांबट वही मला आणून दिली. "रद्दीत घालवेना," त्या म्हणाल्या, "आणि तिकडे नेली तर हे तिथला ओढा मोजायला लागतील." कादंबरीचे पान कधी लिहिले गेले का, असे मी त्यांना विचारले. नाही, म्हणाल्या. नीलाला वेगळे विचारले. तीही नाही म्हणाली.

बाळाराम तेव्हा पंपहाउसवर वॉचमन होता. त्याने मला सांगितले की मे महिन्यात एका सकाळी बापलेक आले होते. "सायेब रस्त्याचे मोरीवर बसला व्हता, काय नाय करता. घड्याल पोरीचे हातान. ती तिकरं शालेपाशी गेली न् धावत सुटली, नव्या रस्त्यावरशी. आयली, भिंतीला हात लावला, न् सायेबाचे मांडीवरची वही घेतली."

वहीतली शेवटची नोंद त्याच महिन्यातली आहे. अक्षर नीलाचे आहे. भरतीची वेळ: नाही. वाट: डांबरी. मिनिटे: ११. शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द आहे: 'पोहोचली.'